मथुराताई आणि दोन रंगांचं घर

कोणतीही बंद वस्तू हातात आली की मथुराताई नाखवा आधी ती कानाशी नेऊन हलवायच्या. औषधाची बाटली, नव्या तराजूचं खोकं, कुणाचं तरी बंद पडलेलं घड्याळ. हलवायच्या, मान तिरकी करून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "आत काहीतरी सुटलंय." बहुतेक वेळा खरंच सुटलेलं असायचं. नसलं, तर त्यांनी उघडून पाहिल्यावर सुटायचं.

कोपरीतल्या आमच्या शाळेत त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. मी विज्ञान शिकवायचे, रोज डोंबिवलीहून यायचे. त्यांचं काम म्हणजे उपकरणं मांडणं, धुणं, मोजून कपाटात ठेवणं. पण मुलं प्रयोग करत असताना त्या बाकांमधून फिरायच्या आणि एखाद्याच्या जर्नलवर बोट ठेवायच्या. "अनुमान लिहून मोकळा झालास? अजून दिवा पेटवला नाहीस रे!" मुलं गाइडमधून अनुमान आधीच उतरवून आणत. त्यावर ताईंनी स्वतःचा एक कायदा केला होता. निरीक्षण आज, अनुमान उद्या. मुख्याध्यापकांनी तो कधी मंजूर केला नाही आणि मुलांनी कधी मोडला नाही.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. शाळा सुटल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, चुंबक तापवला की मरतो म्हणता. म्हणजे नक्की काय मरतं?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, मग चुंबकावर घासलेली एक सुई चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर लाल केली, निवू दिली आणि टाचण्यांजवळ नेली. एकही टाचणी हलली नाही. त्यांनी सुई डोळ्यांजवळ धरली. "दिसायला तर तशीच आहे," त्या म्हणाल्या. आवाजात असं वाईट वाटलेलं होतं, की मला माझ्या उत्तराची लाज वाटली.

ताई कोळीवाड्यातल्या. वडील होड्यांचे सुतार, आई बाजारात मासळी विकायची. वडील गेले तेव्हा ताई दहा वर्षांच्या होत्या. शाळा कशीबशी नववीपर्यंत झाली, मग आईने टोपली डोक्यावर दिली. दहावी त्यांनी लग्नानंतर बाहेरून केली, मुलगा निलेश कडेवर असताना. वडिलांबद्दल त्या भरभरून बोलायच्या. आईबद्दल एकच वाक्य होतं. "माझी आय म्हणजे खडक. लाट आपटून दमते, खडकाला काय?"

त्या निवृत्त झाल्यावरही शनिवारी शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायचे. नवरा गेलेला, निलेश, सून आणि पाच-सहा वर्षांची नात ईरा शहाडला नव्या कॉम्प्लेक्समध्ये. "आमच्याकडे ये," असं निलेश दर रविवारी म्हणायचा आणि ताई दर रविवारी "बघू" म्हणायच्या. अशाच एका शनिवारी गेले, तर पलंगाशेजारी चादरीखाली काहीतरी उंच झाकलेलं होतं. ताईंनी मला चप्पलसुद्धा नीट काढू दिली नाही.

"मॅडम, जर्नल लिहायचंय. तुमचं अक्षर चांगलं आहे."

चादर काढली. खाली बाहुलीघर होतं. माझ्या गुडघ्याच्या वर येणारं, दोन मजली, कौलारू छपराचं. समोरची भिंत दारासारखी उघडणारी. आत अरुंद जिना, वर लाकडी गॅलरी, खिडक्यांना झडपा. अंगाला उडालेला, पोपडे धरलेला गुलाबी रंग.

कोळीवाड्यातलं जुनं घर पाडून तिथे इमारत होणार होती. ताईंचा भाऊ जागा रिकामी करत होता. त्याने फोन केला, "तुझं खेळणं माळ्यावर सापडलंय. नेतेस का टेम्पोत टाकू?" ताई रिक्षा करून गेल्या आणि मांडीवर घेऊन परत आल्या. जुनी होडी मोडली तेव्हा वडिलांनी तिच्या सागवानी फळ्यांतून ते बनवलं होतं. ताई तेव्हा सहा वर्षांच्या.

"ईराला द्यायचं. पण आधी बाबांनी केलेलं तसं करायचं. निळं. होडीचा निळा." मग त्या थांबल्या. "पण एक भानगड आहे. हे घर मोडलं होतं, मॅडम. मी माझ्या डोळ्यांनी मोडलेलं बघितलंय."

वडील गेले त्याच वर्षी उधाणाचं पाणी घरात शिरलं. भांडी तरंगली, बाहुलीघर उंबऱ्यावर आपटलं, मागची भिंत निघाली, जिना वाहून गेला. दहा वर्षांची मथुरा तुकडे गोळा करत रडत बसली होती. आईने तिच्या हातातून ते घेतलं, माळ्यावर चढवलं आणि म्हणाली, "खेळ पुरे झाला. उद्यापासून माझ्याबरोबर बाजारात चल." शाळेच्या आधी बाजार आणि शाळेनंतर बाजार. घर पुन्हा कधी खाली आलं नाही. मथुरानेही मागितलं नाही.

"आणि आता बघा. मागची भिंत आहे. जिना आहे. मी मोडलेलं सोडलं होतं, मग नीट केलं कोणी? लिहा. निरीक्षण पहिलं."

मी लिहिलं. पुढचे कित्येक शनिवार मी तेच करत होते. ताई भिंग घेऊन जमिनीवर पालथ्या पडायच्या आणि आतून आवाज यायचा. बाबांचे खिळे तांब्याचे, चौकोनी डोक्याचे. बहुतेक ठिकाणी खिळाच नाही, खाचेत खाच बसवलेली. मागची भिंत मात्र सागवानाची नाही, बर्फाच्या पेटीची फळी असावी तशी. जिना पाच पायऱ्यांचा, प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची. तिथले खिळे लोखंडी, आखूड, पसरट टोपीचे, गंजलेले. एकही सरळ नाही.

"हे बाबांचं काम नाही," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. केसांत जाळं अडकलेलं होतं. "भावाला विचारलं. त्याला वाटतं, घर कधी मोडलंच नव्हतं. पुरुषांना काय दिसतं घरात!"

"मग कोणी केलं असेल?"

"अनुमान उद्या," त्या म्हणाल्या. पण रंगाच्या बाबतीत त्यांना दम निघत नव्हता. गुलाबी रंगाचा एक पोपडा त्यांनी नखाने काढला, तर खाली निळा दिसला. त्यांचा चेहरा असा फुलला की मीच म्हटलं, खरवडा. पुढच्या शनिवारपर्यंत त्यांनी पात्याने आणि पॉलिश पेपरने दोन भिंती साफ करून ठेवल्या होत्या. आतला निळा फिका, पण स्वच्छ निघाला होता. ताई त्याच्यावर तळहात ठेवून बसल्या होत्या.

बिजागऱ्या गंजल्या होत्या, म्हणून आम्ही कल्याणच्या बाजारात गेलो. ताईंनी त्या आखूड खिळ्यांपैकी एक काढून रुमालात बांधून घेतला होता. बिजागरी पहिल्याच दुकानात मिळाली, पण ताईंना बिजागरी नकोच होती. त्या एकेका हार्डवेअरच्या दुकानात शिरायच्या आणि रुमाल सोडायच्या.

"किती पाहिजे, मावशी?"

"पाहिजे नाही रे. हा कशाचा आहे, ते सांग."

"खिळा आहे."

"ते मलाही दिसतंय. कुठं मारतात?"

तीन दुकानदारांनी हात जोडले. चौथ्याने, "मावशी, गिऱ्हाइकी का टाइम है," म्हणून आम्हाला बाजूला केलं. त्याचे वडील मागे स्टुलावर बसले होते. त्यांनी हात पुढे केला, खिळा चष्म्यासमोर धरला आणि हसले. "ही तर चपलेची चूक, बारका खिळा. पूर्वी चांभार तळाला ठोकायचे. लाकडाच्या कामाला कोण वापरतो ही?"

बाहेर आल्यावर ताई उसाच्या रसाच्या गाडीशेजारी थांबल्या. मी दोन ग्लास सांगितले. त्यांनी ग्लास घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"आयच्या शेजारी बाजारात एक चांभार बसायचा," त्या हळूच म्हणाल्या. "ती त्याला रोज मूठभर सुकट द्यायची. मला वाटायचं, दया म्हणून देते. आणि दया तर तिच्यात नव्हती. म्हणून ते मला कायम कोडंच वाटायचं."

"म्हणजे आईने…"

"उद्या," ताई म्हणाल्या. यावेळी त्यांचा आवाज कायदा सांगत असल्यासारखा नव्हता. विनवत असल्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सातलाच त्यांचा फोन आला, "येता का? एकटीला जायला नको वाटतंय." आम्ही कोळीवाड्यात हरकामावशींकडे गेलो. हरकामावशी म्हणजे ताईंच्या आईची बाजारातली सोबतीण. नव्वदीच्या असतील. दाराशी खुर्ची टाकून उन्हाला बसल्या होत्या. ताईंनी तो खिळा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि घराचं विचारलं.

"गुलाबी घर ना?" मावशी म्हणाल्या. "अगो, तो तुजे आयनी जोडला."

"कधी?"

"तू पोटुशी होती तवा. पयल्या वक्ताला. बाजारातून आली का माल्यावर जायची. ठक ठक, ठक ठक. मी बोलली, अगो, सुतारकी कवा शिकली? तर बोलली, नवरा बारा वर्सं समोर बसून ठोकत होता, मी काय डोले मिटून बसलेली?"

ताईंचा हात माझ्या मनगटाभोवती आवळला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. निलेशच्या आधी कोणी होतं, हे इतक्या वर्षांत ताईंनी मला कधी सांगितलं नव्हतं.

"रंग देवलाला मारून उरलेला, तो मागून आनला," मावशी सांगत होत्या. "मी बोलली, तान्ह्या पोरीला घर कशाला? तर बोलली, मोठी होईल ना."

"पण तिला कसं कळलं मुलगीच होणार?" ताई मध्येच म्हणाल्या. मला तेव्हाही नवल वाटलं होतं आणि आजही वाटतं. बाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी प्रश्न थांबत नव्हता.

"कलायचा काय त्यात? पोरगा झाला असता तरी त्यालाच दिला असता."

मग हळूहळू बाकीचं आलं. ताईंचं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं, पण आठव्या महिन्यातच त्रास सुरू झाला आणि सासरच्यांनी कोपरीतल्याच एका दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. पाचवीच्या दिवशी सकाळी आईने बाजार केला नाही. नवं लुगडं नेसली, टोपली ठेवायची तशी डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर ते घर ठेवलं आणि निघाली. हरकामावशी सोबत पूजेचं सामान घेऊन होत्या. स्टेशनच्या अलीकडे ताईंचा दीर समोरून आला. बाळ आदल्या रात्रीच गेलं होतं.

"मंग?" ताईंनी विचारलं.

"मंग काय. उबी राहिली. मान हलवता येय ना, डोक्यावर घर. लोक बगत व्हते. मंग मागं फिरली. घरी येईपर्यंत एक शबुद बोलली नाय. घर माल्यावर ठेवला आन मना बोलली, हरका, यो कोनाला सांगशील तर माज्या मेल्या तोंडाची शप्पथ. आता ती मेली, तिला पंचवीस वर्सं झाली. मी पन जानार. म्हनून सांगतंय."

परत येताना रिक्षात ताईंनी एवढंच सांगितलं, की आई तेव्हा भेटायला आली ती थेट दहाव्या दिवशी. चहाही न पिता गेली. "मी ते मनात धरलं, मॅडम. ती मरेपर्यंत धरलं. तिच्या शेवटच्या आजारपणात मी तिचं सगळं केलं, पण मोकळेपणाने कधी बोलले नाही. मला वाटलं, नात गेली तरी हिला बाजार महत्त्वाचा."

घरी आल्यावर त्या सरळ बाहुलीघरापुढे जाऊन बसल्या. दोन भिंती निळ्या, दोन गुलाबी. त्यांनी आजूबाजूची फरशी बोटाने पुसून पाहिली. फरशी स्वच्छ होती, खरवडलेला चुरा तर कधीच कचऱ्यात गेला होता.

"निरीक्षण आज, अनुमान उद्या," त्या म्हणाल्या. "पोरांना इतकी वर्षं शिकवलं. आणि स्वतः मात्र बघायच्या आधी पातं चालवलं."

मी म्हटलं, तसाच गुलाबी रंग मिळवता येईल, हल्ली दुकानात नमुना दाखवला की जुळवून देतात. त्यांनी मान हलवली. "तो तिचा हात नसेल ना." पातं आणि पॉलिश पेपर त्यांनी डब्यात भरून ठेवले.

नंतरचं काम त्यांनी फार सावकाश केलं. जिन्याच्या पायऱ्या उंचसखल होत्या, त्या तशाच ठेवल्या, फक्त ईराला लागू नये म्हणून खिळ्यांची गंजलेली टोकं घासून बोथट केली. निळ्या भिंतींवर एक हात तेलाचा दिला, गुलाबी भिंतींवरही दिला. नव्या बिजागऱ्या बसवल्या. दरवाजा उघडताना बारीक कुरकुरायचा. मी तेल घालू का विचारलं, तर म्हणाल्या, "असू दे. घरात कोण येतंय ते कळलेलं बरं."

एका रविवारी आम्ही ते टेम्पोतून शहाडला नेलं. ताई मागे घराजवळच बसल्या, हट्टाने. निलेश आणि सून खाली उतरून वाट पाहत होते. ईराने हॉलमध्ये घराला तीन प्रदक्षिणा घातल्या, पुढची भिंत उघडली, आत डोकं घातलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"आजी, टॉयलेट कुठंय?"

सुनेने कपाळावर हात मारला. पण ताई एकदम सरसावून बसल्या. "खरंच की गो! बाबांनी केलंच नाही. आमच्या घरात तरी कुठे होतं तेव्हा! बघा मॅडम, मी एवढी भिंग घेऊन बसले, मला दिसलं नाही."

"आणि लिफ्ट?"

"लिफ्टचं बघू."

मग ईराने घराला चौथी प्रदक्षिणा घातली. "इकडून ब्लू, तिकडून पिंक. असं का?"

मला वाटलं, ताई काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. त्यांनी निलेशकडे पाहिलं. तो चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"निळा माझ्या बाबांनी दिला, माझ्यासाठी," त्या ईराला म्हणाल्या. "गुलाबी माझ्या आयने दिला. तुझ्या बाबाला एक बहीण होती, तिच्यासाठी. ती चार दिवसांची असताना गेली. मग ते कोणालाच दिलं नाही. आता तुला देतोय."

निलेशने कप टीपॉयवर ठेवले. "आई, मला कधीच सांगितलं नाहीस."

"माझ्या आयने मला नाही सांगितलं, मी तुला नाही सांगितलं," ताई म्हणाल्या. "गप्प बसायची अक्कल आमच्या घरात फार. गप्प बसून पुढं काही चांगलं झालेलं मी बघितलं नाही."

निलेश आईशेजारी जमिनीवर येऊन बसला. ईरा एका बाहुलीला जिन्यावरून चढवत होती आणि प्रत्येक पायरीला ती बाहुली धडपडत होती. "हा जिना मस्त आहे," ती म्हणाली. "पडायला होतं."

त्यानंतर महिन्याभरात ताईंनी कोपरीतलं घर भाड्याने दिलं आणि त्या शहाडला राहायला गेल्या. निलेशने पुन्हा विचारलं नव्हतं. त्यांनीच एक दिवस फोन करून सांगितलं, "येतेय. टॉयलेटचं काम अर्धवट आहे."

मी त्यांना शेवटची भेटले ती दिवाळीच्या सुट्टीत. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या, झोपेत, काहीही त्रास न होता. दिवाळीतल्या त्या भेटीच्या दिवशी शहाडच्या दाराबाहेर लहान मुलींच्या चपलांचे तीन-चार जोड होते. आत हॉलभर फळ्यांचे तुकडे, पुठ्ठे, डिंकाची बाटली पसरलेली. चार मुली गोलात बसल्या होत्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. मधोमध ताई पालथ्या पडल्या होत्या, साडीचा पदर कमरेला खोचून. मला पाहून त्यांनी फक्त हनुवटीने खुर्ची दाखवली. हात मोकळे नव्हते.

टॉयलेटची चौथी भिंत बसवायची होती. भिंत म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या जोडून केलेली पट्टी. ईराच्या हातात छोटी हातोडी होती आणि खिळा ताईंनी आपल्या दोन बोटांत धरला होता.

"आई, तिला नका देऊ, बोट फुटेल तुमचं," सून आतून ओरडली.

"तिचं नाही ना फुटत!" ताई म्हणाल्या. "मार गो ईरा. नजर खिळ्यावर ठेव, माझ्याकडे बघू नको."

पहिला घाव फळीवर बसला. दुसरा हुकला आणि ताईंच्या नखाला लागून गेला. त्यांनी "आय गं" म्हणून बोट तोंडात घातलं, मग पुन्हा तोच खिळा उचलून त्याच जागी धरला. सगळ्या मुली गप्प झाल्या. ईराने दोन्ही हातांनी हातोडी वर नेली. ती वर गेली की ताई डोळे घट्ट मिटून घ्यायच्या, खांदे आक्रसायच्या, चेहरा वाकडा करायच्या. पण बोटं मात्र त्यांनी शेवटपर्यंत काढली नाहीत.